तारीख नसलेला शेरा

अण्णांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आधी दादाला आत बोलावलं, तेव्हाच वहिनीनं ओळखलं, आज जबान्या होणार.

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अण्णांची ही सवय सुटली नव्हती. घरात कुणी काही लपवतंय असा वास आला की ते जबान्या घ्यायला बसत. जागा ठरलेली, स्वयंपाकघरातलं छोटं टेबल. रीतही ठरलेली. एका वेळी एकच माणूस आत, आणि बाहेर बसलेल्यांनी आपसात बोलायचं नाही. फुटलेल्या आरशापासून दादाच्या पोलीस भरतीत नापास होण्यापर्यंत घरातले सगळे गुन्हे त्याच टेबलावर उघडकीस आले होते. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला याची गंमत वाटायची. आज वाटत नव्हती.

"पाच वाजता त्या लोकांचा फोन यायचाय, आणि यांना आत्ताच सुचलं," दादा आत जाता जाता पुटपुटला.

"फोन यायचाय म्हणूनच सुचलं," शिट्टी म्हणाली.

शिट्टी म्हणजे घरातलं शेंडेफळ. लहानपणी अण्णांची शिट्टी पळवून गल्लीभर फुंकत हिंडायची, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. आता ती स्वतः फौजदार होती, आणि या महिनाअखेर तेही राहणार नव्हती. परदेशातल्या एका शहराच्या पोलीस दलाला माणसं कमी पडत होती. बाहेरच्या अनुभवी पोलिसांना ते घेत होते. शिट्टी त्यांच्या परीक्षेला बसली, धावली, त्यांची भाषा घोकून घोकून शिकली. इथला राजीनामा देऊन मोकळी झाली. आता एकच पायरी उरली होती. उमेदवाराच्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी त्यांच्या एक पडताळणी अधिकारी बाई पडद्यावरून बोलत, एकेकाशी, एकांतात. आई, दादा, वहिनी यांचं अण्णा फिरायला गेलेले असताना उरकून झालं होतं. आज अण्णांची पाळी होती. इथे नापास झाली तर शिट्टीला ना इथली नोकरी, ना तिथली.

आणि अण्णांना खरं काय ते माहीत नव्हतं.

त्यांना काय सांगायचं ते दादानं ठरवलं होतं आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. 'दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे, खात्यानंच पाठवलंय, परत आली की बढती पक्की.' दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. शिकाऊ माणसाकडून एकच वळण पन्नासदा घोटून घ्यायची त्याला हातोटी होती.

दादा बाहेर आला तो पिळून वाळत घातल्यासारखा. मग शिट्टी आत गेली. आई खिडकीशी बसून शिट्टीच्या जाड कोटाला बटणं लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"सूनबाई!" आतून हाक आली.

वहिनी आत गेली. शिट्टी तिच्या शेजारून बाहेर पडली, डोळ्याला डोळा न देता. अण्णांनी चहाचा कप बाजूला सारला.

"बस. कशासाठी चाललीय ती?"

"दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे," वहिनी म्हणाली. "खात्यानंच..."

"पाठवलंय. परत आली की बढती पक्की." वाक्य अण्णांनीच पुरं केलं. "तिसऱ्यांदा ऐकतोय. शब्दाला शब्द. 'पक्की'सकट. सूनबाई, खरं बोलणारी माणसं कधी इतकं एकसारखं बोलतात का गं? एक म्हणतो दोन वर्षं, दुसरा म्हणतो दीड-दोन, तिसऱ्याला बढतीचं ठाऊकच नसतं. तुम्ही तिघं तर प्रार्थना म्हटल्यासारखं म्हणताय."

वहिनी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची. तीन वेगवेगळ्या नमुन्यांचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत एकच आला तर ती खूश होत नसे; यंत्र कुठेतरी अडकलंय असं समजायची. ही साधी गोष्ट पाठांतर करताना तिच्या कशी लक्षात आली नाही?

पण त्याहून मोठी चूक तिला आत्ता, या टेबलाशी दिसली. हे खोटं त्यांनी अण्णांसाठी रचलं होतं. मात्र तासाभरानं अण्णा ते परक्या अधिकाऱ्यासमोर खरं समजून सांगणार होते. शिट्टीच्या अर्जात राजीनामा, अण्णांच्या तोंडी प्रशिक्षण. पोलिसात घ्यायच्या मुलीचं घरच खोटं बोलतं म्हटल्यावर कोण घेणार तिला?

"अण्णा," ती म्हणाली, "प्रशिक्षण वगैरे काही नाही. तिनं राजीनामा दिलाय. ती कायमची चाललीय."

अण्णांचा चेहरा हलला नाही. साक्षीदार बोलायला लागला की ते असेच बसत म्हणे.

"कुठल्या हुद्द्यावर?"

"शिपाई. तिथं सगळ्यांना तिथूनच सुरुवात करावी लागते."

"माझी फौजदार झालेली मुलगी परमुलखात शिपाई म्हणून रस्त्यावर उभी राहणार."

"उभी तरी राहील, अण्णा. इथं मुद्देमालाच्या खोलीत बसून चोरीच्या सायकलींना चिठ्ठ्या बांधतेय."

हे जरा जास्त झालं असं तिला वाटलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि नळीतून सांडलेलं रसायन, दोन्ही परत भरता येत नाहीत.

अण्णांनी कप पुन्हा जवळ ओढला. चहा गार झाला होता. "त्याच्यामुळे चाललीय?"

नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. 'तो' म्हणजे धाकटे साहेब. कोवळ्या वयात अण्णांच्या हाताखाली आला, याच घरात जेवला, अण्णांनी त्याला पंचनामा लिहिण्यापासून सगळं शिकवलं. अण्णा साहेब, म्हणून हा धाकटे साहेब. दोन वर्षांपूर्वी कोठडीतल्या एका पोराला बेदम मारहाण झाली. शिट्टी तेव्हा ठाण्यात हजर होती. चौकशी लागली तेव्हा तिनं जे पाहिलं ते सांगितलं. चौकशीतून काही निघालं नाही. धाकटे साहेब तिचे वरिष्ठ होते ते तसेच राहिले आणि शिट्टीची रवानगी मुद्देमालाच्या खोलीत झाली. अण्णा त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "घरचं धुणं चव्हाट्यावर धुतलंस." त्यानंतर तो विषय नाही. फुटलेल्या आरशासाठी अख्ख्या घराच्या जबान्या घेणाऱ्या माणसानं, त्या दिवशी काय घडलं हे मुलीला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"ते तिला विचारा," वहिनी म्हणाली. "ती माझ्या सांगण्याची गोष्ट नाही."

बाहेर येताच दादानं तिला गाठलं. "फोडलंस?"

"फोडलं."

"वहिनी, तू?" शिट्टीचा आवाज दबका होता, पण त्यात धार होती. "दादा कचरेल असं वाटलं होतं मला. तू नाही."

"थांब जरा. ते मघाचंच वाक्य अण्णांनी त्या बाईंना सांगितलं असतं तर? तुझा अर्ज एक बोलतोय, बाप दुसरं."

फौजदार होती शिट्टी. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दादाला मात्र लागलं, आणि कळल्यावर तो आणखीच घाबरला.

"आता अण्णा बोलणारच नाहीत. किंवा बोलतील, ते त्याहून वाईट. मी पहिल्यापासून सांगतोय, पाण्यात राहून माशाशी वैर नको. तू उडून जाशील गं. माझ्या गाड्या त्याच्याच हद्दीत फिरतात. उद्या रोज एक गाडी अडवली तर मी काय करू?"

"म्हणजे तुला मी जायला हवीय की नकोय?"

"जायला हवीयस! पण गुपचूप. त्याला न दुखवता."

"दादा, दोन वर्षं गुपचूपच बसलेय."

आईनं दातानं दोरा तोडला. "मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"तुला काय विचारायचं?"

"तेच म्हणते. इतक्या वर्षांत यांनी मला एकदाही जबानीला बोलावलं नाही. बोलावतील कसे, मी स्वयंपाकघरातच असते ना! सगळ्यांच्या जबान्या मी ओट्याशी उभी राहून ऐकल्यात. मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं. नुसतं खोटं काय पाठ करत बसलात, तिघं शहाणे!"

स्वयंपाकघराचं दार उघडलं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

"मी एकटा बोलणार," ते म्हणाले. "ते यंत्र धरायला सूनबाई बसेल, मला त्यातलं समजत नाही. कुणी दारातून खुणा करायच्या नाहीत."

"अण्णा, मला तुमच्याशी आधी..." शिट्टी पुढे झाली.

"साक्षीच्या आधी साक्षीदाराला भेटायचं नसतं. शिकवलं नाही का तुला कुणी?"

पडद्यावर पिकल्या केसांची एक बाई आली. दुसरा एक आवाज तिचं बोलणं आपल्या भाषेत सांगत होता. त्या आवाजानं आधी वहिनीला बजावलं की तुम्ही फक्त यंत्र धरा, बोलायचं नाही, मानही हलवायची नाही. वहिनीनं कोपर टेबलावर टेकवलं. हात थरथरला तर पडद्यावर अण्णाच थरथरताना दिसतील, एवढंच तिच्या मनात आलं.

नाव, हुद्दा, किती वर्षं नोकरी केली, असले सोपे प्रश्न झाले. मग बाईंनी विचारलं, "मुलगी इथं का येतेय हे तुम्हाला माहीत आहे?"

"आजच कळलं."

"आज?"

"घरच्यांनी मला आधी वेगळं सांगितलं होतं. प्रशिक्षण आहे म्हणून. मी एकेकाला विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं."

पडद्यावरची बाई काहीतरी लिहून घेत होती.

"लपवलं का?"

"मी रागावेन म्हणून."

"रागावलात?"

"हो."

"कुणावर?"

"ते अजून ठरायचंय."

दुभाष्याला हे वाक्य सांगायला जरा वेळ लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरचा कागद उचलला.

"तुमच्या मुलीच्या सध्याच्या वरिष्ठांनी आम्हाला शेरा पाठवलाय. वाचून दाखवते. 'आज्ञापालनात कसूर. सहकाऱ्यांच्या विश्वासास पात्र नाही.' हे अधिकारी बरीच वर्षं तुमच्या हाताखाली होते, तुमचा आपल्यावर मुलासारखा लोभ आहे, असंही त्यांनी लिहिलंय. म्हणून तुम्हालाच विचारते. या शेऱ्याबद्दल तुमचं म्हणणं काय?"

दोन वर्षं हेच तर टळत आलं होतं, वहिनीला वाटलं. एकीकडे पोटची मुलगी, दुसरीकडे हातानं घडवलेला माणूस. आणि त्या माणसानं मोठ्या हुशारीनं अण्णांचंच नाव पुढे करून ठेवलं होतं. अण्णा 'मला माहीत नाही' म्हणाले तरी त्याचं भागणार होतं. शिट्टी तेवढ्यानंही बुडाली असती.

अण्णांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले.

"पुन्हा वाचा."

बाईंनी वाचलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही. सही."

"तारीख?"

"सहीची आहे."

"सहीची नव्हे. कसूर झाली त्याची. कुठल्या दिवशी, कुठला हुकूम, कुणी दिलेला."

बाईंनी कागद उलटून पाहिला. "नाही."

"बाई, तुम्हीही पोलीस आहात. माणूस दारू पिऊन आला तर आपण दारू लिहितो. पैसे खाल्ले तर पैसे लिहितो. ड्युटीवर आला नाही तर दिवस लिहितो. ज्याच्या विरुद्ध लिहायला काही नसतं पण लिहायचं तर असतं, त्याला आपण 'आज्ञापालनात कसूर' लिहितो."

"म्हणजे हे अधिकारी खोटं लिहितात असं तुमचं म्हणणं आहे?"

वहिनीच्या मनगटाला मुंग्या आल्या. हात बदलावा की नाही ते तिला ठरवता येईना.

"मी तसं म्हटलेलं नाही," अण्णा म्हणाले. आवाज खाली आला होता. "शेरा लिहायला त्याला मी शिकवलं. तारखेशिवाय लिहायचा नाही, हे पहिलं शिकवलं. तो विसरणाऱ्यातला नाही. त्याच्याजवळ तारीख आहे, बाई. पण ती लिहिली असती तर त्या दिवशी आणखी काय काय झालं, हेही तुम्ही विचारलं असतं."

दुभाष्याचा आवाज थांबला. बाईंनी लिहिणं संपवलं.

"शेवटचे दोन प्रश्न. ती पोलीस व्हायला लायक आहे?"

"आहे."

"तिनं यावं असं तुम्हाला वाटतं?"

"नाही." अण्णांनी घसा साफ केला. "दोन्ही लिहून घ्या. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडू नका."

"अजून दोन तास मी याच ठिकाणी आहे," बाई म्हणाल्या. "काही राहिलं असं वाटलं तर पुन्हा बोलू शकता." पडदा काळा झाला.

दोघं बाहेरच्या खोलीत आले, पण कुणी काही विचारायच्या आत दारावरची घंटा वाजली. दादानं उघडलं आणि तो दारातच ओशाळं हसला. "या, या, साहेब."

धाकटे साहेब रविवारी यायचेच. साध्या कपड्यात, हातात फळांची पिशवी घेऊन. पण आज त्यांची नजर आधी शिट्टीवर गेली, मग वहिनीच्या हातातल्या यंत्रावर.

"अण्णा, झालं का बोलणं? मी म्हटलं, जाऊन पाहावं. ती माणसं काय वाटेल ते विचारतात म्हणे."

अण्णा दारापर्यंत गेले, आणि बाजूला झाले नाहीत. दादा आणलेली खुर्ची धरून तसाच उभा राहिला.

"तुझा शेरा वाचून दाखवला त्यांनी."

"औपचारिक असतं ते, अण्णा. काहीतरी लिहावं लागतं. तुम्हीच तर म्हणायचात, वरिष्ठानं रकाना कोरा सोडू नये."

"आणखीही एक म्हणायचो."

धाकट्या साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्याखालचं सगळं सरकलं. वहिनीला ते स्पष्ट दिसलं. "जातेय ना ती? मग मिटलं की. तिच्याही भल्याचं, आपल्याही."

"'आपल्या' म्हणजे कुणाच्या?"

धाकट्या साहेबांनी फळांची पिशवी पुढे केली.

"ते घेऊन जा," अण्णा पिशवीकडे पाहत म्हणाले. "आज नको. पुढच्या रविवारीही नको."

"अण्णा, बाहेरच्या लोकांसाठी तुम्ही मला..."

"बाहेरचं कोण, हे ठरवायला मी दोन वर्षं उशीर केला. जा तू."

दार लागलं. दादा खुर्चीत मटकन बसला. "संपलो," तो म्हणाला. "उद्या पहिली गाडी चौकातच अडवणार तो."

"अडवू दे. कागद नीट ठेव गाडीत," आई म्हणाली. "जन्मभर काय त्याच्या मेहेरबानीवर शिकवणार आहेस गाडी?"

शिट्टी अजून उभीच होती. "अण्णा, त्यांना काय सांगितलंत?"

"ते राहू दे. आधी तू सांग. त्या दिवशी काय झालं?"

तिनं ऐकलं, आणि हसली. ते हसणं वहिनीला ऐकवलं नाही. "आता? बॅगा भरून झाल्यावर? दोन वर्षं मी तुमच्या जबान्यांच्या टेबलावर जेवतेय, अण्णा. दोन वर्षं वाट पाहिली, की आज बोलवाल, उद्या बोलवाल. चोराचीसुद्धा बाजू ऐकायचात तुम्ही."

"हो," अण्णा म्हणाले. "ऐकायला हवी होती. सांग."

दादा उठून आत जायला लागला. "बस खाली," आई म्हणाली. "सगळ्यांनी ऐकायचंय."

शिट्टीनं सांगितलं. सुरुवातीला अहवाल वाचावा तसं. कोण ड्युटीवर होतं, पोराला कशासाठी आणलं होतं. मग आवाज सुटत गेला. कोठडीचं दार बंद होतं. आतून आधी तो पोरगा शिव्या देत होता, मग रडत होता, मग पाणी मागत होता, आणि मग काहीच आवाज येईना. अण्णांची बोलणाऱ्याला मधे तोडायची जुनी खोड. पण आज त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. फक्त ती थांबली तेव्हा म्हणाले, "मग तू काय केलंस?"

"दार उघडलं. सताड. समोरच्या बाकावर तक्रार द्यायला आलेली माणसं बसली होती, त्यांना दिसावं म्हणून. मग धाकट्या साहेबांना थांबावं लागलं."

"दार उघडायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. बंद ठेव, असा त्यांचाच हुकूम होता मला."

अण्णा तिच्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे आज्ञापालनात कसूर झाली," ते म्हणाले.

"झाली, अण्णा."

त्यांनी शर्टाच्या बाह्या सरळ केल्या आणि काळ्या पडद्यासमोर पुन्हा ताठ बसले.

"सूनबाई, त्या बाईंना परत लाव. माझ्या साक्षीत चूक झालीय. लिहायला काही नाही, असं सांगितलं मी. आहे. नीट लिहून घेऊ दे त्यांना, हुकूम काय होता तेही आणि मोडला कसा तेही." मग मुलीकडे वळून म्हणाले, "तारीख?"

शिट्टीनं सांगितली. तिला ती आठवावी लागली नाही.